आधी कॅम्परचे वजन, मग पिकअप: हौद्यावर राहती खोली बसवण्यापूर्वीचा सविस्तर हिशेब

तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ आणि घृष्णेश्वर ही देवस्थाने सहकुटुंब करावीत, माळेगावच्या यात्रेत दोन-चार मुक्काम करावेत आणि लॉज शोधत फिरण्याऐवजी आपले अंथरूण, आपली शेगडी व आपले पाणी आपल्याच गाडीवर असावे, या विचाराने पिकअपच्या हौद्यावर राहता कॅम्पर करून घेण्याचे मनात येते. येथे कॅम्पर म्हणजे हौद्यात ठेवायची आणि हवी तेव्हा उतरवून घेता येणारी राहती खोली, हे सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे बोलेरोच्या डबल केबिन गाडीलाही त्याच नावाने ओळखतात. अशी खोली करताना बहुतेक जण आधी गाडी घेतात, मग फॅब्रिकेशनच्या दुकानात जाऊन हौद्याची लांबी-रुंदी देतात आणि सगळे तयार झाल्यावर वजनाचा विचार करतात. हा क्रम उलटा करावा, एवढेच मला आग्रहाने सांगायचे आहे. कॅम्परचे रस्त्यावरचे पूर्ण वजन आधी कागदावर काढावे, ते कोणत्या चाकांवर किती येईल हे पाहावे आणि मगच गाडी ठरवावी.

आरसीवरचे दोन आकडे

गाडीच्या आरसीवर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन असे दोन आकडे असतात. भरलेल्या वजनातून रिकामे वजन वजा केले की उरते ती गाडीची वहनक्षमता. बोलीभाषेत आपण तिला पासिंग म्हणतो. रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो, ही गोष्ट मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच आहे. म्हणून चालक, शेजारी बसणारा माणूस, त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी आणि टपावरचे कॅरियर हे सर्व वहनक्षमतेतूनच वजा होते. पासिंग तेराशे किलो आहे म्हणून तेराशे किलोचा कॅम्पर चालेल, हा समज त्यामुळे पहिल्याच पायरीवर चुकतो.

शिवाय आरसीवरचे रिकामे वजन कारखान्यातून निघालेल्या गाडीचे असते. नंतर बसवलेला लोखंडी बंपर, हौद्यात टाकलेला जाड पत्रा, वाढवलेल्या जाळ्या आणि जादा स्टेपनी यांचे वजन त्यात नसते. म्हणून गाडी रिकामी करून, टाकी भरून, भुईकाट्यावर स्वतः तोलून घ्यावी. बाजार समितीचा आवार, जिनिंग, डाळमिल आणि साखर कारखाना अशा ठिकाणी काटे असल्यामुळे आपल्या भागात काटा शोधावा लागत नाही; मात्र गाळपाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्यांची रांग असते, तेव्हा अडतीतला काटा बरा. मोठे काटे अनेक टनांच्या वाहनांसाठी असल्याने त्यांवर पाच-दहा किलोंचा फरक दिसतोच. त्यावर उपाय असा की पहिल्यापासून शेवटपर्यंतची सर्व वजने एकाच काट्यावर करावीत. म्हणजे दोन पावत्यांमधील फरक तरी विश्वासार्ह राहतो.

काट्यावर तीन वजने घ्यावीत: पूर्ण गाडी, फक्त पुढची चाके काट्यावर असताना आणि फक्त मागची चाके काट्यावर असताना. काटेवाल्याला आधी विनंती केली तर तो सहसा नाही म्हणत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांची बेरीज पूर्ण वजनाशी जवळपास जुळली पाहिजे. ती जुळली नाही तर काट्याचा फलाट आणि बाजूची जमीन समपातळीत नाही असे समजून वजन पुन्हा करावे.

कॅम्परचे वजन कागदावर कसे काढावे

कॅम्पर तयार झाल्यावर तो तोलता येतोच, पण तेव्हा पैसे खर्च झालेले असतात. बांधणीपूर्वी अंदाज काढणे मुळीच अवघड नाही, कारण प्रत्येक सामानाचे वजन ठरलेले असते. लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ७.८५ किलो भरते. म्हणजे १.२ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साधारण ९.४ किलो झाला. दोन मिलिमीटर जाडीचा ४० बाय ४० चा चौकोनी पाइप मीटरला सुमारे २.४ किलो आणि तेवढ्याच जाडीचा २५ बाय २५ चा पाइप मीटरला सुमारे १.४ किलो भरतो. बारा मिलिमीटरच्या आठ बाय चार फुटी प्लायच्या एका शीटचे वजन प्रतीनुसार तेवीस-चोवीस किलोंच्या आसपास असते आणि अठरा मिलिमीटरची शीट पस्तीस किलोंच्या घरात जाते. पाण्याचे गणित सर्वांत सोपे: एक लिटर म्हणजे एक किलो.

एक उदाहरण घेऊ. हौद्यावर बसणारी खोली २.६ मीटर लांब, १.७ मीटर रुंद आणि आतून माणूस उभा राहील अशी १.९ मीटर उंच समजा. चारही भिंती, तळ आणि छत मिळून सुमारे २५ चौरस मीटर क्षेत्र होते. गावातल्या नेहमीच्या पद्धतीने ४० बाय ४० पाइपचा साठ मीटरचा सांगाडा, बाहेरून १.२ मिलिमीटरचा पत्रा आणि आतून सहा मिलिमीटरचा प्लाय केला, तर नुसत्या कवचाचे वजन ४८० किलोंच्या आसपास जाते. त्याच मापाची खोली दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पत्रा आणि मध्ये फोम असलेल्या चाळीस मिलिमीटरच्या पफ पॅनेलची केली, सांगाड्यासाठी २५ बाय २५ चा तीस मीटर पाइप वापरला, तर तेच कवच २८० किलोंत बसते. दोनशे किलोंचा हा फरक म्हणजे दोन माणसे आणि पन्नास लिटर पाणी. पफ पॅनेल उन्हाळ्यात आतले तापमानही सौम्य ठेवते, आणि परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणे अशक्य होते. म्हणून थोडा खर्च वाढला तरी मी पफ पॅनेलचीच बाजू घेईन.

आता आतले सामान. प्लायच्या पाच शीटमध्ये पलंग, कपाट व ओटा केला तर १२० किलो. गादी-पांघरुणे २५ किलो. एक १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी पाण्यासह पंचावन्न किलोंच्या आसपास असते. तिच्यासोबत इन्व्हर्टर आणि सौर पॅनेल धरून ९० किलो. शेगडी, छोटा फ्रिज आणि घरगुती सिलिंडर मिळून ७० किलो, भरलेला १४.२ किलोंचा सिलिंडर लोखंडी टाकीसह तीस किलोंच्या आसपास जातो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. शंभर लिटर पाणी टाकीसह १०५ किलो. भांडी, किराणा, कपडे आणि हत्यारे १२० किलो. शिडी, मंडपाचे कापड, खालची रबरी चटई आणि बांधायचे पट्टे ४० किलो. ही सर्व बेरीज हलक्या कवचासह ८५० किलो होते आणि पुढे बसणारी दोन माणसे १५० किलो धरली की एकूण १,००० किलो.

आपल्या उदाहरणातल्या गाडीचे रिकामे वजन १,७०० आणि भरलेले कमाल वजन ३,००० किलो असेल, तर वहनक्षमता १,३०० किलो. हौशी कामासाठी त्यातला वीस टक्के भाग मी मोकळा ठेवतो, म्हणजे हाताशी १,०४० किलो उरतात आणि आपले १,००० किलो त्यात बसतात. हेच कवच जड पत्र्याचे केले तर बेरीज १,२०० पर्यंत जाते. कागदावर गाडी अजूनही पासिंगमध्ये दिसते, पण मोकळी जागा संपलेली असते आणि परतीच्या वाटेवर घेतलेली ज्वारीची दोन पोती पासिंगच्या हद्दीला टेकतात. वापरलेल्या पाण्याची टाकी असेल तर तिचेही वजन धरावे, कारण स्वच्छ पाण्याची टाकी रिकामी होते तशी ती भरत जाते.

वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे

एकूण वजन पासिंगच्या आत असूनही मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा आस, हद्दीबाहेर जाऊ शकतो, आणि पिकअपवरच्या कॅम्परची बहुतेक दुखणी येथेच सुरू होतात. प्रत्येक एक्सलची कमाल मर्यादा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पाहावी किंवा शोरूममधून लेखी मागून घ्यावी.

हिशेब असा. गाडीच्या पुढच्या व मागच्या एक्सलमधले अंतर ३ मीटर आहे आणि सामानासह कॅम्परचा गुरुत्वमध्य (सगळे वजन जिथे एकवटले आहे असे धरता येते तो बिंदू) मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे आहे, असे समजा. ८५० किलोंना ०.३ ने गुणून ३ ने भागले की ८५ येतात. एवढे वजन पुढच्या चाकांवर आणि उरलेले ७६५ किलो मागच्या चाकांवर येते. रिकाम्या गाडीचे पुढे ९५० व मागे ७५० किलो असतील आणि माणसांचे वजन निम्मे-निम्मे वाटले गेले, तर पुढचा एक्सल १,११० आणि मागचा १,५९० किलो होतो. आता तोच कॅम्पर, तेच वजन, पण पाण्याची टाकी, बॅटरी आणि सिलिंडर मागच्या फाळक्याजवळ ठेवल्यामुळे गुरुत्वमध्य एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला असे धरा. मागच्या एक्सलवर १,७६० किलो येतात आणि पुढचा ९४० वर उतरतो, म्हणजे माणसे बसलेली असतानाही पुढची चाके रिकाम्या गाडीपेक्षा हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग हाताला हलके लागते, ओल्या रस्त्यावर वळण हवे तसे बसत नाही आणि पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. मांजरसुंब्याचा, धारूरचा किंवा कन्नडचा घाट उतरताना हा फरक जीवावर बेतू शकतो.

म्हणून नकाशा काढतानाच पाणी आणि बॅटरी मागच्या एक्सलच्या पुढे, शक्य तितकी चालकाच्या केबिनकडे आणि तळाशी ठेवावीत. चालकाच्या डोक्यावर येणारा झोपण्याचा भाग केला तर थोडे वजन आपोआप पुढे सरकते. मात्र त्याने उंची वाढते. डावी-उजवी बाजूही समान हवी. एका बाजूला ओटा, फ्रिज व पाणी आणि दुसऱ्या बाजूला नुसता पलंग अशी मांडणी असेल तर गाडी उभी असतानाच कललेली दिसते.

कॅम्पर तयार झाल्यावर गुरुत्वमध्य नेमका कुठे आला, हे काट्यावरून उलट काढता येते. कॅम्पर बसवल्यावर पुढच्या एक्सलवर वाढलेले वजन घ्यावे, त्याला दोन एक्सलमधल्या अंतराने गुणावे आणि कॅम्परच्या एकूण वजनाने भागावे. येणारा आकडा म्हणजे मागच्या एक्सलच्या पुढचे अंतर. उत्तर ऋण आले तर सामान हलवल्याशिवाय प्रवासाला निघू नये.

टायर आणि पाटे

टायरच्या कडेवर मापानंतर येणारा आकडा भारांक असतो आणि त्यावरून एक टायर किती वजन पेलतो ते कळते: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५० आणि ११२ म्हणजे १,१२० किलो. वरच्या उदाहरणात मागच्या एक्सलवर १,५९० किलो, म्हणजे प्रत्येक टायरवर जवळपास ७९५ किलो येतात. १०० भारांकाचा टायर येथे अगदी काठावर आहे आणि १०६ चा टायर निर्धास्त चालतो. ही क्षमता कंपनीने सांगितलेली हवा भरलेली असेल तेव्हाचीच असते. कमी हवेचा, वजनाने लादलेला टायर उन्हाळ्यात धुळे–सोलापूर महामार्गावर तासन्तास पळवला तर कडा तापून फुटतो. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी आणि टायर कधीचा आहे तेही पाहावे: कडेवरच्या चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ३२२३ हा टायर २०२३ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला.

पाट्यांविषयी, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांविषयी, थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे गाडी बसली की पहिला उपाय म्हणून जादा पाटा घातला जातो. जादा पाट्याने गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, डोळ्यांना गाडी सरळ दिसते आणि मालकाला वाटते की ताकद वाढली. प्रत्यक्षात एक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेक तेच, चेसी तीच आणि टायरही तेच राहतात. पासिंग एका किलोनेही वाढत नाही. उलट कमी वजनात गाडी जास्त आपटू लागते आणि तो धक्का कॅम्परच्या सांध्यांना बसतो. वजन मर्यादेत असूनही गाडी डोलत असेल, तर चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा कंपनीने मान्य केलेला अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) यांचा विचार जरूर करावा. पण वजन मर्यादेबाहेर असेल तर ते वजन कमी करणे किंवा मोठी गाडी घेणे, एवढेच दोन मार्ग आहेत.

गाडी निवडताना

अमेरिकेत अशा कॅम्परची मोठी परंपरा आहे आणि त्यांचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे नकाशे काढले जातात. पण तिकडे जड कॅम्पर फोर्ड एफ-३५० सारख्या गाड्यांवर बसवतात, ज्यांपैकी अनेकांची वहनक्षमता दीड-दोन टनांची असते आणि मागे जोडचाके असतात. त्यांचे आकडे पौंडांत असतात, ते ०.४५ ने गुणून किलो केल्याशिवाय तुलना करू नये. शिवाय माहितीपत्रकात छापलेले कॅम्परचे वजन बहुधा कोरडे, म्हणजे पाणी, गॅस आणि सामानाशिवायचे असते.

आपल्याकडे खरी अडचण वेगळी आहे. टोयोटा हायलक्स किंवा इसुझु व्ही-क्रॉस यांत पाच माणसे आरामात बसतात, इंजिनही दमदार असते. पण हौदा जेमतेम दीड मीटरचा आणि वहनक्षमता व्यावसायिक पिकअपपेक्षा पुष्कळ कमी. अशा गाडीवर छतावरचा तंबू आणि मागे छोटे स्वयंपाकघर शोभते. पूर्ण खोली बसवू नये. बोलेरो पिकअप आणि टाटा योद्धा यांच्या मालिकेत सव्वा टनापासून दोन टनांपर्यंतची मॉडेल मिळतात, योद्धा २.० हे दोन टनांचे मॉडेल २०२२ मध्ये बाजारात आले. यांच्यावर राहती खोली बसते, पण एकेरी केबिनमध्ये चालकाशेजारी एखाद-दुसराच माणूस बसतो. डबल केबिन घेतली तर माणसे बसतात, मात्र हौदा आखूड होतो आणि वहनक्षमता घटते. चार जणांच्या कुटुंबाने म्हणूनच दोन टनांच्या एकेरी केबिनच्या गाडीवर कॅम्पर ठेवून उरलेल्यांनी दुसऱ्या गाडीने किंवा एसटीने जावे, असे माझे मत आहे. धावत्या कॅम्परमध्ये कुणालाही बसवू नये. तेथे पट्टा नसतो, आसन नसते आणि मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे नेणे नियमातही बसत नाही.

कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतील तपशील बदलेल असा फेरफार मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्याबाबत कडक भूमिका घेतली आहे. हौदा काढून थेट चेसीवर खोली वेल्ड करणे हा असा फेरफारच ठरतो. पट्ट्यांनी बांधलेला, उतरवता येणारा कॅम्पर वेगळा, तरीही काम सुरू करण्यापूर्वी नकाशा आणि वजनाचा कागद घेऊन आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. बाजूने, मागे किंवा उंचीने मर्यादेबाहेर जाणाऱ्या भारालाही दंडाची तरतूद आहे. मागचा फाळका उघडा ठेवून कॅम्पर बाहेर काढण्याचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

बांधणी, चाचणी आणि पहिला प्रवास

गाडी घेण्यापूर्वीच, किंवा निदान कॅम्परचे काम देण्यापूर्वी, ठरलेल्या वजनाएवढी सिमेंटची पन्नास किलोंची पोती हौद्यात रचून गाडी चालवून पाहावी. सतरा पोती म्हणजे ८५० किलो झाले. ती एक्सलच्या थोडी पुढे रचावीत, काट्यावर तिन्ही वजने घ्यावीत आणि जवळच्या चढ-उतारावर ब्रेक तपासावेत. पोती खाली सपाट असतात आणि कॅम्पर उंच असतो, त्यामुळे वळणावरचे डोलणे या चाचणीत कमी दिसते, एवढे लक्षात असू द्यावे.

कॅम्पर हौद्याच्या पातळ पत्र्याला बांधू नये; चेसीपर्यंत पोहोचणाऱ्या कड्या करून चार कोपऱ्यांवर रॅचेटचे पट्टे लावावेत आणि खाली रबरी चटई टाकावी, म्हणजे तो सरकत नाही. जमिनीपासूनची एकूण उंची मोजून ती चालकासमोर ठळक लिहून ठेवावी. दौलताबादच्या तटबंदीतील दिल्ली दरवाजातून जाणारा वेरूळचा जुना रस्ता किंवा छत्रपती संभाजीनगरातील जुने दरवाजे यांच्याखालून जाताना अंदाजाने गाडी घालू नये. काळ्या रानात पावसाळ्यात मुक्कामाला उतरू नये. भरलेल्या पिकअपची मागची चाके पाहता पाहता रुततात आणि उंच कॅम्पर एका बाजूला कलतो. डांबरालगतची मुरमाची जागा पाहावी.

पहिला प्रवास पूर्ण टाक्या भरून, पण जवळचा करावा. पन्नास किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा ताणावेत, चाकांचे नट तपासावेत आणि हाताची पाठ टायरजवळ नेऊन एखादे टायर इतरांपेक्षा जास्त तापले आहे का ते पाहावे. परत आल्यावर गाडी सामान न उतरवता त्याच काट्यावर न्यावी, तिन्ही वजनांची पावती घ्यावी आणि कागदावरच्या अंदाजाशेजारी ती कपाटाच्या दाराच्या आत चिकटवावी. पुढे नवीन बॅटरी, एसी किंवा कपाट वाढवण्याचा विचार आला की आधी त्या पावतीवरचा मागच्या एक्सलचा आकडा वाचावा.